प्रदूषक-वहनाचं मॉडेल तपासताना: माझा अनुभव

भूजल प्रदूषणाच्या मॉडेलचा अहवाल उघडला की बहुतेकदा आधी एक आलेख समोर येतो: मोजलेली पाणीपातळी आणि मॉडेलची पातळी, सगळे बिंदू ४५ अंशांच्या रेषेवर. मी त्यावर विसंबत नाही. स्थिर प्रवाहात जलवाहकता (जमिनीतून पाणी किती सहज वाहतं) आणि पुनर्भरण (वरून मुरणारं पाणी) दोन्ही दुप्पट केलं तरी पातळ्या जवळपास तशाच राहतात, वेग मात्र दुप्पट होतो. म्हणजे प्रदूषक निम्म्या वेळात विहिरीत. म्हणून नाल्यात झिरपणाऱ्या पाण्याचा किंवा उपशाचा मोजलेला आकडा मी मागून घेतो. तो नसेल, तर मॉडेलमधला वेग हा निव्वळ अंदाज धरायचा.

मग हातानं हिशेब. जलवाहकता दिवसाला १० मीटर, जलीय उतार (दर मीटरला पाणीपातळी किती उतरते) ०.००७, परिणामकारक सच्छिद्रता (पाणी वाहू देणाऱ्या पोकळ्यांचं प्रमाण) ०.३५. पहिल्या दोघांचा गुणाकार भागिले तिसरा, वेग निघतो दिवसाला ०.२ मीटर, वर्षाला ७३. क्लोराइड मातीला चिकटत नाही, ते याच वेगानं जातं. चिकटणाऱ्या पदार्थासाठी मातीची घनता (१.७५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर) भागिले सच्छिद्रता, गुणिले वितरण गुणांक, म्हणजे पदार्थ मातीला किती चिकटतो त्याचं माप (०.५ मिलिलिटर प्रति ग्रॅम), अधिक १. मंदन गुणांक (पदार्थ पाण्याहून किती पट हळू जातो) आला ३.५, म्हणजे वर्षाला जेमतेम २१ मीटर. मॉडेल याच्या आसपासही नसेल तर आधी एककं तपासावीत.

खरी गोम ग्रिडमध्ये, म्हणजे मॉडेल जमीन ज्या चौकटींत वाटतं त्या जाळीत असते. समजा चौकट २० मीटरची आणि डिस्पर्सिव्हिटी (प्रदूषक वाटेत किती पसरतं याचं माप) ५ मीटर. अपस्ट्रीम पद्धतीत (दोन चौकटींच्या सीमेवर प्रवाहाच्या वरच्या चौकटीची तीव्रता धरतात) चौकटीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे १० मीटर खोटी डिस्पर्सिव्हिटी गणितातूनच शिरते. दिलेल्या आकड्याच्या दुप्पट! प्लूम (प्रदूषित पाण्याचा पट्टा) पसरट होतो, कमाल तीव्रता कमी दिसते आणि धोका नसल्याचा निष्कर्ष निघतो. वस्तुमानाचा ताळेबंद (प्रदूषक किती आत आलं, किती बाहेर गेलं, किती उरलं) १ टक्क्याच्या आत जुळला तरी हा दोष त्यात दिसत नाही. चौकट डिस्पर्सिव्हिटीच्या दुपटीहून मोठी नको, आणि एका कालटप्प्यात पाण्यानं एकाहून जास्त चौकटी ओलांडायला नकोत. मी चौकट निम्मी करून मॉडेल पुन्हा चालवतो, शिवाय साधं एकमितीय उदाहरण ओगाटा-बँक्सच्या १९६१च्या सूत्राशी ताडून पाहतो.

मॉडेलचे आकडे मोजमापांशी जुळवताना काही विहिरींच्या नोंदी बाहेर, पडताळणीसाठी ठेवायला मी सुरुवातीलाच सांगतो. तिथे प्रदूषक मॉडेलच्या आधी पोचलं असेल, तर डिस्पर्सिव्हिटी वाढवून वक्र जुळवायचा मोह होतो. त्याआधी बोअर खणताना लागलेल्या थरांच्या नोंदी काढाव्यात. एखादा खडीचा पातळ थर सरासरी जलवाहकतेत विरून गेलेला सापडतो. तो स्वतंत्र थर म्हणून घालायचा, आणि मगच डिस्पर्सिव्हिटीला हात लावायचा.