आजारी यकृतावर दुसरा विषाणू

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, हिपॅटायटिस बी असल्याचे निदान होऊन सात वर्षे झाली होती आणि शेवटच्या तीन वर्षांत त्याच्या रिपोर्टवर सिरॉसिस, म्हणजे यकृत वण पडून निबर होणे, हा शब्दही येऊ लागला होता. बीला दाबून ठेवणारी टेनोफोव्हिरची रोजची गोळी त्याने कधी चुकवली नाही, दर सहा महिन्यांची सोनोग्राफीही नाही. म्हणून एका सकाळी त्याचे डोळे पिवळे दिसले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की जुना आजार बळावला. तो अर्थ चुकीचा होता, आणि तो किती सहज काढला जातो हे पाहिल्यामुळेच हे लिहीत आहे.

दाखल करून घेताना दादाने फॉर्मवर सही केली. गेली कित्येक वर्षे त्याची सही एकाच वळणाची आहे, पण त्या दिवशी अक्षरे एकमेकांवर चढली होती आणि शेवटची रेघ काढायची राहूनच गेली. अशक्तपणा असेल, असे मी म्हणालो. डॉक्टरांनी मात्र तो कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि दादाला दोन्ही हात पुढे करून, समोरच्याला थांबवताना धरतो तसे तळवे उभे धरायला सांगितले. काही क्षणांतच तळवे फडफडून खाली पडू लागले. मग वहिनींना आठवले, की चार रात्री ते जागेच होते आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या घेत होते. यकृत जे अमोनियासारखे पदार्थ रक्तातून काढून टाकते ते मेंदूपर्यंत पोचू लागले, की झोपेचे घड्याळ उलटते, हस्ताक्षर बिघडते आणि पुढे माणूस गुंगीत जातो. ही खूण घरच्यांना आधी दिसते, फक्त ती खूण आहे हे कोणीतरी सांगितलेले असावे लागते.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा कावीळ दाखवणारे बिलिरुबिन 9 आणि रक्त गोठायला लागणारा उशीर दाखवणारा आयएनआर 1.9, म्हणजे दोन्ही वाढलेले होते, यकृताच्या पेशींची इजा दाखवणारे एएलटी हजाराच्या पुढे गेले होते, पण हिपॅटायटिस बीचा डीएनए पूर्वीसारखाच सापडत नव्हता. जुना विषाणू शांत असताना यकृत एवढे भडकते, तेव्हा दुसरे काहीतरी आत आले आहे का हे पाहावे लागते, असे म्हणून डॉक्टरांनी औषधांची चौकशी केली आणि ए, सी, डी व ई या चारही विषाणूंच्या तपासण्या लिहून दिल्या. हिपॅटायटिस एची आयजीएम, म्हणजे ताजा संसर्ग दाखवणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली.

ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारे विषाणू आहेत. निरोगी माणसाची ए कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, कारण धडधाकट यकृताकडे शिल्लक ताकद भरपूर असते. सिरॉसिसमध्ये ही शिल्लकच संपत आलेली असते. पेशींच्या जागी वणांचे जाळे झालेले असते, उरलेल्या पेशी कसाबसा कारभार चालवत असतात आणि त्यांच्यावर नवा दाह आला, की पोटात पाणी, रक्त न गोठणे आणि गुंगी ही सगळी संकटे चार आठवड्यांच्या आत एकदम उभी राहू शकतात. 1998 साली इटलीतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत, दीर्घकालीन हिपॅटायटिस सी असलेल्या 17 जणांना ए झाल्यावर 7 जणांचे यकृत निकामी झाले आणि त्यांतले 6 दगावले. नंतरच्या पाहण्यांत इतके टोकाचे प्रमाण दिसलेले नाही आणि त्याच पाहणीतल्या बी असलेल्या रुग्णांना आजार बराच सौम्य गेला, हेही सांगायला हवे. पण 1988 मध्ये शांघायला सुमारे तीन लाख लोकांना ए कावीळ झाली तेव्हा मृतांमध्ये यकृताचा आजार आधीपासून असलेल्यांचा वाटा मोठा होता. दादाच्या उशाशी बसून मला हे आकडे वाचवत नव्हते.

डी विषाणूची गोष्ट निराळी आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मारिओ रिझेट्टो यांनी 1977 साली त्याचा छडा लावला. या विषाणूला स्वतःचे आवरण तयार करता येत नाही, ते त्याला बीकडून घ्यावे लागते. दोन्ही विषाणू एकाच वेळी शिरले तर प्रौढ शरीर बहुतेकदा बीला हुसकावते आणि आवरणाचा पुरवठा थांबल्याने डीही जातो. मात्र बी आधीच मुक्काम ठोकून असेल तर डीला सगळे आयते मिळते आणि तो बहुसंख्य रुग्णांमध्ये कायमचा राहतो, यकृत फार लवकर खचवतो. डॉक्टर याला सुपरइन्फेक्शन म्हणतात. म्हणूनच बी असलेल्या प्रत्येकाची डीची तपासणी निदान एकदा व्हावी, असे युरोपीय यकृततज्ज्ञांच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दादाची सात वर्षांत एकदाही झाली नव्हती.

सी आणि बी एकत्र असतील तर सी बहुधा बीला दाबून ठेवतो. आता आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी सी बरा होतो, पण तो गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2016 मध्ये या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. त्यामुळे सीचे औषध सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी झाली आहे का, हे रुग्णाने स्वतः विचारावे. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

माझी खरी तक्रार लसीची आहे. ज्या ठिकाणी दादा इतकी वर्षे नेमाने जात होता तिथे त्याला ए विरुद्ध प्रतिकारशक्ती आहे का, हे कोणी पाहिले नाही. प्रतिकारशक्ती नसती तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरले असते. शिवाय लस लवकर घ्यावी लागते, कारण यकृत जसजसे खचते तसतसा शरीराचा लसीला मिळणारा प्रतिसाद कमी होतो. दारूमुळे किंवा चरबीमुळे यकृत बिघडलेल्यांना बीची लसही तेवढीच गरजेची आहे. सिरॉसिसमध्ये ती बऱ्याचदा दुप्पट मात्रेत देतात आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची, पातळी 10 mIU/mL च्या वर गेली का ते तपासतात. ही शेवटची तपासणी हमखास राहून जाते.

ए विषाणूवर थेट औषध नाही. अमोनिया शौचावाटे बाहेर काढणारे लॅक्टुलोज, सलाइन, रोजच्या तपासण्या आणि वाट पाहणे, एवढ्यावर दादाचे तेवीस दिवस गेले आणि तो घरी आला. सी, डी व ईचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. ते आता फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहिलेले आहेत. वहिनींचे आणि मुलांचे बीचे डोस पूर्ण झाले आहेत.

डॉक्टरांनी सांगितल्यावरून दादा दर रविवारी सकाळी एका वहीत तारीख घालून सही करतो. वहिनी ती आधीच्या सहीशी ताडून पाहतात आणि मला फोटो पाठवतात. या रविवारी शेवटची रेघ पूर्ण होती.