सपाट डोंगर

‘सर, डोंगर अर्धाच काढायलाव का? टोक ऱ्हायलं की त्याचं.’

मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या केजच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेची भिंत रंगवत होतो. सरकारी भाषेत ‘बोलक्या भिंती’. मी रंगकामाच्या घोडीवर चढलेलो, खाली एक आबा तंबाखू मळत उभे. म्हणलं, ‘आबा, मागं वळून बघा.’ मागं बालाघाट आडवा पसरलेला, करवतीनं माथा उतरवल्यासारखा सपाट. आबांनी बघितलं. जन्मभर बघितलेलाच डोंगर तो. म्हणाले, ‘ते खरं हाय. पण चित्रातला डोंगर असा नसतो.’

आता काय बोलणार! मी स्वतः चित्रकलेचा मास्तर, आणि पंधरा वर्षं वहीत तेच तपासतोय: तीन त्रिकोण, मधनं उगवणारा सूर्य, वळणाची नदी, झोपडी आणि नारळ. नारळ! आमच्याकडं बाभळ, पळस आणि सीताफळ. नदी म्हणाल तर वर्षातले आठ महिने वाळू.

आपला डोंगर सपाट का, याला कारण आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला तो एकदाच नाही, थरावर थर साचत गेला. एखादा थर कठीण, एखादा ठिसूळ. ठिसूळ आधी झिजतो, कठीण तसाच राहतो, म्हणून उतारावर पायऱ्या दिसतात आणि माथ्यावर माळ. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की या पायऱ्या मोजता येतात. भिंतीवर मी चारच काढल्या.

हे धाडस मला अजिंठ्यानं दिलं. कॉलेजात असताना एसटीनं फर्दापूरला उतरून पहिल्यांदा गेलो, तेव्हा सगळ्यांसारखा मीही चित्रातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या डोळ्यांकडंच बघत राहिलो. नंतरच्या खेपेला त्याच्या मागचे खडक दिसले. चौकोनी ठोकळे, एकावर एक रचल्यासारखे. लेण्याच्या बाहेर येऊन वाघूरच्या नालाकृती दरीकडं बघा, कड्याचा दगड तसाच तुटलेला असतो. चितारी कुठला होता देव जाणे, पण डोंगर त्यानं दारातला घेतला असं मला वाटतं. रंगही बहुतेक मातीतले: तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, पांढऱ्याला चुना, काळ्याला दिव्याची काजळी. निळा तेवढा बाहेरचा, लाजवर्द दगडाचा. आणि खाली गिलावा मातीचाच, त्यात साळीचा भुसा, गवताचे तंतू. आमच्या माळवदाच्या घरांना पांढरी माती आणि भुसा कालवून लिंपायचे, ते आठवलं. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेचे तंतू सापडलेत, त्याला किडा लागत नाही म्हणे.

गिलाव्याचं महत्त्व मला फार महागात कळलं. माझी पहिली भिंत मी ओल न तपासता थेट ऑइल पेंटनं रंगवली होती. शिवाय ज्याच्याकडं प्लास्टरचं काम होतं, त्यानं पाणीच मारलं नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात लोणा फुटला, आणि ज्ञानेश्वर-चांगदेवांच्या चित्रातल्या वाघाचे पोपडे निघून पोरांच्या दप्तरात गेले. तेव्हापासून आधी तारेच्या ब्रशनं खरवडणं, मग प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचं इमल्शन, दोन हात. घाई करणाऱ्या सरपंचांना मी चहा पाजतो.

खरी कसोटी रंगाची. दुकानात तयार मिळतो तो पोपटी, तो मेमधल्या बालाघाटाला चालत नाही. येलो ऑक्साइडमध्ये भरपूर पांढरा, रेड ऑक्साइड चमचाभर आणि काळ्याचे दोन थेंब टाकले की वाळलेल्या कुसळी गवताचा रंग येतो. तिसरा थेंब पडला की चिखल. खालची काळी रानं मात्र नुसत्या काळ्यानं होत नाहीत, त्यात थोडा तांबडा लागतोच.

भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा पोरांसाठी सोडला होता. चौथीतली एक पोरगी, नुकतीच आईबापासंगं ऊसतोडीवरनं परतलेली, कोपऱ्यात बसून एकसारखे त्रिकोण काढत होती. एका ओळीत आठ-नऊ. मी आपला मास्तर. खाली उतरलो आणि सुरू केलं, ‘बाळा, आपला डोंगर कसा असतो बघ बरं...’

‘डोंगर न्हाईत सर ते. कोप्या हायेत.’

मी गप्प. कोप्या, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपड्या. तिनं प्रत्येक कोपीपुढं तीन दगड मांडले, चूल केली. मग काळा रंग मागितला. मी डबा पुढं सरकवला. धूर काढता काढता तिनं तिसऱ्या त्रिकोणावर बोट ठेवलं.

‘ही आमची.’