७६० डॉलर कमी पडले म्हणून

विचिटाला येऊन मला नऊ वर्षं झाली, त्यातली पाच मी इथल्या एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये लोकांचे हेल्थ इन्शुरन्सचे फॉर्म भरून द्यायचं काम करतेय. दरवर्षी फेडरल सरकारचं ट्रेनिंग करावं लागतं, लोकांकडून एक पैसा घ्यायचा नसतो आणि अमुकच प्लॅन घ्या असंही सांगायचं नसतं, फक्त नीट समजावून द्यायचं. विचिटा हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं सगळ्यात मोठं शहर, वस्ती चार लाखांच्या आसपास, आणि निम्मं गाव विमानांच्या कारखान्यांवर जगतं. माझा नवराही त्याच लाइनमध्ये, म्हणून आम्ही इथे.

तर १३ डिसेंबर २०२४, शुक्रवार. १ जानेवारीपासून इन्शुरन्स चालू व्हायला हवा असेल तर रविवारी १५ तारखेच्या आत फॉर्म जायला हवा होता, त्यामुळे सकाळपासून माझ्या दाराशी रांग. साडेदहाच्या सुमाराला नर्सने एका बाईंना माझ्याकडे पाठवलं. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) वय ५८, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाला जाड बँडेज.

पाय भाजलेला होता. भाड्याच्या घरातलं हीटिंग थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधीपासून बंद, घरमालक आज करतो उद्या करतो म्हणतोय, म्हणून त्या पलंगाशेजारी छोटा स्पेस हीटर लावून झोपायच्या. डायबिटीसमुळे पायाची जाणीव गेलेली. रात्री पाय हीटरला टेकला आणि तसाच राहिला, त्यांना काही कळलंच नाही, सकाळी मोजा काढला तर कातडी मोज्याबरोबर निघून आली. हे सगळं त्या इतक्या शांतपणे सांगत होत्या की माझ्याच अंगावर काटा आला. सिटीकडे तक्रार का नाही केली विचारलं तर म्हणाल्या, "हनी, माझं भाडं महिन्या-महिन्याचं आहे, तीस दिवसांची नोटीस हातात ठेवली तर मी जाऊ कुठे?"

आमच्या क्लिनिकमध्ये उत्पन्नाप्रमाणे फी असते त्यामुळे ड्रेसिंग होत होतं. पण पायातला रक्तप्रवाह तपासायचा, जखमेच्या स्पेशालिस्टकडे जायचं, तर ते हॉस्पिटलमध्ये, आणि तिथे इन्शुरन्स लागतो. इमर्जन्सीत कुणालाही परत पाठवता येत नाही असा १९८६ पासून कायदा आहे, पण तो जीव वाचवण्यापुरता, जखम महिनोन् महिने सांभाळण्यासाठी नाही.

पूर्वी त्यांना चांगला इन्शुरन्स होता. विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं काम. २०२० च्या जानेवारीत बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाचं उत्पादन थांबलं तेव्हा इथे एकाच कंपनीने २,८०० लोकांना घरी बसवलं, त्याच लाटेत यांचीही नोकरी गेली. नोकरी गेली की इन्शुरन्सही जातो. कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच काही काळ पुढे चालू ठेवता येतो, पण मग कंपनीचा हिस्साही आपणच भरायचा, वर दोन टक्के. पगार बंद झालेल्या माणसाने ते कुठून भरायचं? तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, जेवण देणं हे काम. तासाला साडेबारा डॉलर, आठवड्याला बावीस तास. त्याहून जास्त तास एजन्सी देत नव्हती. इन्सुलिन जुन्या प्रकारचं, २५ डॉलरची बाटली, ती पुरवून पुरवून वापरायची.

मी हिशोब केला. वर्षाचे १४,३०० डॉलर. आणि पोटात खड्डा पडला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१० चा इन्शुरन्सचा कायदा (ओबामाकेअर) झाला तेव्हा विचार असा होता की अगदी गरिबांना मेडिकेड, म्हणजे सरकारी इन्शुरन्स, आणि त्याच्या वरच्यांना सरकारी सबसिडीवर खाजगी प्लॅन. मग २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की मेडिकेड वाढवायचं की नाही हे ज्या त्या राज्यावर. कॅन्ससने ते वाढवलंच नाही, २०१७ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं तर गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी व्हेटो केला. म्हणजे वरच्या मजल्याचा जिना बांधला आणि खालच्या पायऱ्याच नाहीत. सबसिडी सुरू होते दारिद्र्यरेषेपासून, एकट्या माणसाला त्या वर्षी १५,०६०. त्याच्या खाली असाल, अपंग नसाल आणि घरात लहान मूल नसेल, तर मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही. यांचा मुलगा एकतीस वर्षांचा. सबसिडीशिवाय त्यांच्या वयाला सिल्व्हर, म्हणजे मधल्या दर्जाचा, प्लॅन महिन्याला नऊशे डॉलरच्या वर जात होता, म्हणजे पाऊण पगाराहून जास्त. आणि शेजारची चारही राज्यं, कोलोरॅडो, नेब्रास्का, मिसूरी, ओक्लाहोमा, सगळ्यांनी मेडिकेड वाढवलंय. ओक्लाहोमाची हद्द इथून गाडीने तासाभरावर. तिकडे राहत असत्या तर हा प्रश्नच नव्हता.

मागे एकदा मी सांगलीला आईला फोनवर हे सांगत होते तर तिला वाटलं मीच उलटं सांगतेय. पिवळं रेशनकार्ड दाखवलं की महात्मा फुले योजनेत बसतो हे तिला माहीत, कमी कमावता म्हणून मदत नाही हे तिच्या डोक्यात शिरेचना. माझ्याही शिरत नाही खरं तर.

तर त्या बाईंना रेषेपर्यंत पोचायला ७६० डॉलर कमी. आकडा फुगवून लिहा असं मी सांगू शकत नाही, सांगणारही नाही. पण एक प्रश्न मी सगळ्यांना विचारते, की आणखी कुठून काही पैसे येतात का, रोख, कधीमधी? त्या नाही म्हणाल्या. मग मी असंच म्हटलं, तुमच्या कोटाची शिलाई किती सुंदर आहे. तर म्हणाल्या, मीच केलीय, आणि मग हळूच, की प्रॉमच्या (शाळेतल्या मोठ्या डान्स पार्टीच्या) दिवसांत मुलींचे ड्रेस घट्ट-सैल करून देते, कमरेला, हेमला. किती? "ते काय उत्पन्न आहे का, शेजाऱ्यांचंच तर असतं."

पर्समध्ये वही होती. कोणाचा ड्रेस, किती डॉलर, दोरा आणि चेन कितीची, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. आम्ही दोघींनी पानं उलटत बेरीज केली, दोनदा केली. खर्च वजा जाता वर्षाचे १,३०० डॉलर.

रेषा ओलांडली. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की हे आता टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावं लागेल, वर्षाला १८० डॉलरच्या आसपास सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स बसेल, फेब्रुवारीत फुकट टॅक्स भरून देणारे व्हॉलंटियर बसतात त्यांच्याकडे वही घेऊन जा. त्या म्हणाल्या, मी कधी टॅक्स चुकवला नाही, हे उत्पन्न आहे हेच माहीत नव्हतं. फॉर्म सबमिट केला. स्क्रीनवर आलं, सिल्व्हर प्लॅन, हप्ता शून्य. त्यांनी चष्मा पुसून परत वाचलं, मग माझा हात धरून बसून राहिल्या, बाहेर रांग होती तरी मी काही बोलले नाही.

पण इन्शुरन्स १ जानेवारीपासून, आणि पाय आत्ता भाजलेला. मधले अठरा दिवस आमच्या नर्सने दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला बोलावलं. हीटिंग बंदच होतं, त्याला माझ्याकडे कुठलाच फॉर्म नव्हता.

त्यांच्यानंतर एक २९ वर्षांचा मुलगा आला, हॉटेलात भांडी धुतो, वर्षाला अकरा हजार. त्याला मी अर्धा तास तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. शनिवारी काही करतोस का, कुणाची गाडी दुरुस्त करतोस, गवत कापतोस? नाही म्हणाला, दुसरं काम शोधतोय, मिळालं की सांगतो. क्लिनिकच्या कमी फीचा कागद भरून त्याच्या हातात दिला आणि पुढच्याला आत बोलावलं.