आमची वाटचाल: वखर-डवऱ्यांपासून पटाच्या घड्याळापर्यंत

धामणगाव रेल्वे तालुक्यातलं आमचं वर्कशॉप वखर, डवरे, तिफणी ही शेतीची अवजारं दुरुस्त करायला सुरू झालं. हिवाळा लागला की पटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, छकडेही (हलक्या गाड्या) यायचे. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि ते काम बंद पडलं. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली. 18 मे 2023 ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. शंकरपट, म्हणजेच पट, परत आला, पण मधल्या साडेसात वर्षांत बघणारा तुटला होता. नुसतं बक्षीस वाढवून तो परत येत नाही. निकाल त्याला पटला पाहिजे, म्हणून आम्ही घड्याळाचं काम हाती घेतलं.

जोडी ताशी 40 किलोमीटरने धावली तर सेकंदाला 11 मीटर जाते. हाताने दाबायच्या घड्याळात दोन दशांश सेकंद इकडे-तिकडे होतातच. म्हणजे 2 मीटरचा फरक झाला, आणि वरच्या जोड्यांमधलं अंतर त्याहून कमी असतं. पटावरची भांडणं बहुतेक इथूनच निघतात.

आधी आम्ही दोरा तुटला की थांबणारं घड्याळ केलं. पहाटेच्या दवाने दोरा सैल पडायचा आणि दुपारी ताणला जायचा, त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या वेळा जुळत नव्हत्या. आता सुरुवातीच्या आणि शेवटच्या अशा दोन्ही रेषांवर इन्फ्रारेड किरण (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) लावतो. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, म्हणून आमचा किरण 38 किलोहर्ट्झवर लुकलुकता ठेवतो आणि रिसीव्हर तेवढाच ओळखतो. रिसीव्हरवर आतून काळा रंगवलेला वीतभर पीव्हीसी पाइप चढवतो, नाहीतर कलत्या उन्हात तो आंधळा होतो. किरण एकावर एक दोन असतात. दोन्ही एकदम तुटले तरच वेळ धरली जाते. उडालेल्या दुपट्ट्याने किंवा धुळीच्या लोटाने घड्याळ चालू होत नाही. उंची जुवाच्या पातळीची ठेवतो, कारण बैल मान खाली-वर करतो आणि नाकाच्या उंचीवर लावलं तर वेळ फसते. सुरुवातीचा किरण उभ्या जोडीच्या 3 मीटर पुढे असतो. जोडी जागेवरच चुळबुळली तरी त्यामुळे वेळ सुटत नाही.

दोन्ही टोकं वायरलेसने जोडून पाहिली. गर्दीतल्या मोबाइलांमुळे सिग्नल कधी लगेच, कधी उशिरा पोहोचायचा. आता डवऱ्याने तास (मातीत सरी) काढून चार बोटं खोल तारच पुरतो.

दाण, म्हणजे जोडी धावते ती पट्टी, नीट नसेल तर घड्याळाचा काही उपयोग नाही. तूर किंवा पऱ्हाटी (कपाशी) निघालेल्या वावरात धसकटं, म्हणजे कापलेल्या झाडांचे टोकदार बुडखे, राहतात, ती खुरात घुसतात. नुसता वखर फिरवून भागत नाही, हाताने वेचावी लागतात. काळ्या मातीच्या भेगा बुजवून, हलकं पाणी मारून रूळ फिरवायचा, तोही आदल्या दिवशी. त्याच सकाळी पाणी मारलं तर बैल घसरतो. शेवटच्या रेषेपुढे 100 मीटर मोकळी जागा हवीच, आणि तिथे दोन्ही बाजूंनी बल्ल्या बांधा. गर्दी नेमकी तिथेच घुसते.

वेळ सगळ्यांना एकाच क्षणी दिसली पाहिजे. फूटभर उंचीचे लाल आकडे 100 मीटरवरून वाचता येतात. पाटी उत्तरेकडे तोंड करून लावा. माघ-फाल्गुनात ऊन दक्षिणेकडून येतं, समोरून पडलं तर आकडे दिसत नाहीत. प्रत्येक धुरकऱ्याला (जोडी हाकणाऱ्याला) वेळेची छापील चिठ्ठीही देतो.

पैजेबद्दलही विचारणा होते. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ठरवलं, म्हणून रेसकोर्सवर पैज चालते. पटाला ती मुभा नाही. पैजेसाठी आम्ही घड्याळ देत नाही. बैलाला तुतारी (टोकदार काठी) टोचणाऱ्या पटालाही नाही. कायद्यात 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि टोचलेली जोडी सरळ धावत नाही हे पटशौकिनांना चांगलं ठाऊक आहे.

पट ठरला की दाण आखायच्या आधी कळवा. रूळ फिरल्यावर तार पुरायला तास काढला तर तिथली माती पुन्हा बसत नाही.