सुईसाठी टोफूची गादी

तोक्योत आल्यावर पहिल्याच महिन्यात माझी कचऱ्याची पिशवी गाडीने नेली नाही. बाकी सगळ्या इमारतीच्या पिशव्या गेल्या आणि कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीखाली माझी तेवढी एकटी उरली. वर एक स्टिकर: ही पिशवी आज उचलता येत नाही. इथल्या पिशव्या पारदर्शक असतात, त्यामुळे संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिली असणार. आत हळदीने पिवळाधम्मक झालेला टिश्यूपेपर होता. आमच्या इमारतीत तो दुसऱ्या कुणाचा असणार?

चूक माझीच होती. जळणाऱ्या कचऱ्यात लोणच्याची काचेची बरणी गेली होती. मी मान खाली घालून पिशवी वर घेऊन चालले होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. वय ऐंशीच्या आसपास, कंबरेला एप्रन. काही न बोलता त्यांनी पिशवीची गाठ सोडली, बरणी काढली, नळाखाली धरली, बोटाने तेल पुसत पुसत विसळली आणि उन्हाला धरून म्हणाल्या, "मोत्ताइनाइ ना!" मला वाटलं, रागावल्या.

त्या शब्दाने पुढे माझा बराच वेळ खाल्ला.

आधी नियम थोडक्यात सांगते, कारण घरून फोनवर सगळे हेच विचारतात. आमच्याकडे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा आणि कागद-काच-डबे-बाटल्या आठवड्यातून एकदा, तेही सकाळी आठच्या आत. बाटलीचं टोपण वेगळं, लेबल सोलून वेगळं, बाटली विसळून चपटी. दुधाचा खोका धुवायचा, कात्रीने कापून सपाट उलगडायचा, वाळवायचा. माझ्या बाल्कनीत तो चिमट्याने दोरीवर लटकतो, मोज्यांच्या शेजारी. तीस सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू असेल तर फोन करून तारीख घ्यायची आणि पैसे भरून तिच्यावर स्टिकर लावायचं. टीव्ही, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांच्यासाठी तर 2001 पासून वेगळा कायदाच लागू आहे, आणि त्यांची विल्हेवाट लावायचा खर्च टाकणाऱ्याने द्यायचा. हे आईला सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "आमचा भंगारवाला उलट आम्हालाच पैसे देऊन जातो!" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. भंगारवाला, रद्दीवाला आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही आपली व्यवस्था कुठल्या परिपत्रकाशिवाय चालत आली आहे, आणि इथे आल्यावरच मला तिची किंमत कळली.

आता तो शब्द. मोत्ताइनाइ. शब्दकोशात 'वाया घालवू नये' असा अर्थ सापडतो, पण तेवढ्याने भागत नाही. 'मोत्ताइ' म्हणजे वस्तूचं सत्त्व, तिची प्रतिष्ठा. हा शब्द बौद्ध परंपरेतून आलेला मानतात. 'नाइ' म्हणजे नाही. वस्तूचा मान राखला गेला नाही, याची हळहळ त्या शब्दात आहे. केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांना 2004 चं शांततेचं नोबेल मिळालं. दुसऱ्या वर्षी त्या जपानला आल्या, तिथे हा शब्द त्यांच्या कानावर पडला आणि तो इतका आवडला, की पुढे त्या जगभर तो सांगत फिरल्या.

मी मराठीत प्रतिशब्द शोधत बसले. 'नासाडी'मध्ये नुकसान आहे, भावना नाही. 'काटकसर' हिशेबाच्या वहीतली. आणि एक दिवस भांडी घासताना माझी आजी आठवली. जुनं लुगडं पोतेरं करायची वेळ आली की ती ते हातात घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "टाकायला जिवावर येतं गं." तेच ते! वस्तू टाकायची आहे, आणि येतंय कुणाच्या तर आपल्या जिवावर. जणू तिचा आणि आपला जीव कुठेतरी एकाच दोऱ्यात ओवला आहे.

खरं सांगायचं तर त्याआधी पर्यावरण या विषयाने मला दमवून टाकलं होतं. वितळणारे हिमनग, कासवाच्या नाकातली नळी, आपण किती पापी आहोत याची रोजची उजळणी. मी प्लास्टिकचा चमचा घेतला की दिवसभर मनात खंत, आणि खंत फार झाली की माणूस सरळ पाहायचंच सोडतो. मीही सोडलं होतं. वस्तूच्या मानाचा विचार करताना मात्र तसं होत नाही. बरणी विसळताना मी पृथ्वी वाचवत नसते. तीन महिने लोणचं सांभाळलेल्या एका बरणीला नीट निरोप देत असते. एवढं मला जमतं, आणि रोज जमतं.

जपान्यांना डोक्यावर घ्यायची गरज नाही, हेही इथेच लिहिते. बिस्किटाच्या पुड्यात प्रत्येक बिस्किटाला स्वतंत्र वेष्टन, वर ट्रे, वर डबा, वर कागद. केळीसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत. दुकानातल्या पिशव्यांना पैसे आकारणं सक्तीचं झालं तेही 2020 च्या जुलैत. आणि गोळा केलेल्या प्लास्टिकचा मोठा हिस्सा शेवटी भट्टीतच जातो, त्या उष्णतेवर वीज होते इतकंच. जाळून उरलेली राख तोक्योच्या खाडीतल्या भरावावर जाते. म्हणजे माझ्या धुतलेल्या, वाळवलेल्या, मोज्यांशेजारी लटकवलेल्या सद्भावनेलाही मर्यादा आहेत. दुसऱ्या टोकाला शिकोकू बेटावरचं कामिकात्सु नावाचं दीड हजारांहून कमी वस्तीचं गाव आहे. तिथे कचऱ्याची गाडीच येत नाही. लोक स्वतः केंद्रावर जाऊन चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा वेगळा करतात आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक कचरा पुन्हा वापरात जातो. मी आजींना हे कौतुकाने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आणि तुमची बरणी तीन प्रकारांत चुकली!"

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं काय करायचं हा प्रश्न मला गणपतीत पडला. शाडूची छोटी मूर्ती बाल्कनीत बादलीत विसर्जित केली, ते पाणी कुंड्यांना घातलं. पण निर्माल्य? दहा दिवस देवाला वाहिलेली फुलं जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकायला हात धजेना. शेवटी इथल्या लोकांची एक साधी युक्ती उचलली: पुठ्ठ्याच्या खोक्यातलं खत. जाड खोकं घ्यायचं, तळाला आणखी एक पुठ्ठा, आणि आत तीन भाग पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा वाळका भुगा) व दोन भाग भाताच्या तुसाचा कोळसा. रोज साधारण अर्धा किलोपर्यंत ओला कचरा घालून ढवळायचं आणि जुन्या टीशर्टची टोपी घालून खोकं झाकायचं, माशा शिरत नाहीत. खोकं जमिनीला टेकवायचं नाही, खालून हवा लागते. पुठ्ठाच श्वास घेतो, जास्तीचं पाणी बाहेर सोडतो. तीनेक महिने ते खोकं चालतं.

सुरुवातीला पंधरा दिवस काहीच होईना. चहाचा चोथा चहाचा चोथाच राहिला. मग दिवाळी आली, चकल्या तळल्या आणि कढईत तेल उरलं. इथे उरलेल्या तेलात एक पूड घालून ते गोठवतात आणि कचऱ्यात देतात. पण खोक्यातल्या जंतूंना थोडं तेल फार आवडतं, असं वाचलं होतं. ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून उलथन्याने ढवळलं, तर थंडीत खोक्यातून वाफ निघाली. हात वर धरला, ऊब लागली. मी चक्क नवऱ्याला झोपेतून उठवून आणलं. तो डोळे चोळत म्हणाला, "यज्ञ पेटला का?" चेष्टाच होती, पण मला ती पटली. आमच्या घरात आता आहुती म्हणतात. "आज आहुती दिलीस का" म्हणजे भाजीची सालं खोक्यात गेली का. झेंडू, दूर्वा आणि चकलीचं तेल मिळून जी काळी माती झाली, तिच्यात मेथी पेरली होती. पहिली जुडी देवापुढे ठेवली, मग पिठल्याबरोबर खाल्ली.

यानंतर गोधडी. माझ्या आजीने तिच्या लुगड्यांची शिवलेली, मी सामानात वजन वाढतंय म्हणून दोनदा बाहेर काढून तिसऱ्यांदा आत कोंबलेली. गेल्या हिवाळ्यात तिची कड उसवली. शिवायला बसले आणि चार थरांतून जाताना सुई मोडली. खालच्या मजल्यावरच्या आजी चहाला आल्या होत्या. मी सुईचे तुकडे कागदात गुंडाळून न जळणाऱ्या कचऱ्यात टाकायला निघाले (नियम पाठ झाले होते आता!), तर त्यांनी हात धरला. "सुई नाही. आठ फेब्रुवारीपर्यंत ठेवा."

आठ फेब्रुवारीला त्या मला असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात घेऊन गेल्या. तिथल्या आवाशिमा देवळापुढे टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीराचा, भलामोठा पांढरा ठोकळा मांडला होता आणि बायका रांगेने येऊन त्यात सुया खोचत होत्या. मोडक्या, वाकलेल्या, गंजलेल्या, डोक्यावर रंगीत मणी असलेल्या टाचण्याही. याला हारी-कुयो म्हणतात. सुईने वर्षभर जाड, कडक कापडातून वाट काढली, आता तिला मऊ जागी टेकू द्यावं, ही त्यामागची भावना. मी माझे दोन तुकडे खोचले. टोफू इतका मऊ, की काही टोचल्याचं बोटाला कळलंच नाही. लुगड्याच्या किती थरांतून गेली होती ती! शेजारी एक तरुण मुलगी पुटपुटली, "ओत्सुकारेसामा." ऑफिसातून निघताना सहकाऱ्याला म्हणतात ते, दमलात, बरं काम केलंत अशा अर्थाचं. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं हे मला नीट सांगता येणार नाही. मी आजींना खंडेनवमीचं सांगितलं: पाटा-वरवंटा, विळी, कात्री, शिवणयंत्र यांना हळदकुंकू वाहून त्या दिवशी हात लावायचा नाही. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात तेही सांगितलं. त्या थांबल्या. "झाडूची?" मग बराच वेळ नुसती मान हलवत राहिल्या.

परवा दुपारी त्या दारात आल्या, हातात फुरोशिकीत, म्हणजे बांधणीच्या चौकोनी कापडात, बांधलेलं गाठोडं. आत त्यांच्या दिवंगत यजमानांचे तीन युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, होते, कोपरांवर आणि मांडीवर विरलेले. "हे तुमच्या त्या पांघरुणासारखं होईल का?" जमिनीवर चटई टाकून आम्ही थर अंथरले. मी कोपऱ्यातून धावदोरा घालायला घेतला, त्यांनी समोरच्या कोपऱ्यातून. त्या लहानपणी साशिको, म्हणजे धावदोऱ्याचं जपानी भरतकाम, शिकल्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. तासाभराने दोघी मध्यावर भेटलो आणि चश्मा सरकवून त्यांनी माझी रांग पाहिली. जपानी तांदळाचे दाणे बुटके आणि गुबगुबीत, त्यांचे टाके हुबेहूब तसे. माझे लांबट आणि जरा तिरपे.

"तुमचे बासमती आहेत," त्या म्हणाल्या, आणि उसवू न देता पुढचा दोरा ओवून माझ्या हातात दिला.