पापा, पापा आणि पापा

बोलिव्हियातल्या कोचाबांबाला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वहीत तीन शब्द एकाखाली एक लिहिले होते. पापा म्हणजे बटाटा. पापा म्हणजे बाबा. पापा म्हणजे पोप. स्पॅनिश शब्दांचे उच्चार देवनागरीत टिपून ठेवायची माझी सवय. वर्गातल्या पोलिश आणि कोरियन सोबत्यांना तिचा हेवाच वाटायचा, कारण आपली लिपी स्पॅनिशला चांगली चपखल बसते. फक्त जोर कुठे द्यायचा हे तिच्यात लिहिता येत नाही. बटाट्याला आणि पोपला पहिल्या ‘पा’वर, बाबांना दुसऱ्यावर. शिकवणाऱ्या बाईंनी हे तीनदा बजावलं होतं. मी तिन्ही वेळा मान डोलावली होती.

२ नोव्हेंबर २०१८ला, भर दफनभूमीत, हे माझ्या अंगाशी आलं.

मी वसईकडचा, गासचा. घरची केळीची वाडी. बारावीनंतर सेमिनरीत गेलो. फादर होण्याआधी दोन वर्षं परक्या देशात काढायची आमच्या संघात पद्धत आहे. मला बोलिव्हिया मिळाला. आईने पुतण्याच्या शाळेच्या नकाशात तो शोधला आणि पहिला प्रश्न केला, "तिथं समुद्र नाही का रे?" नाही. १८७९ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने किनारा घेतला तो घेतलाच. मी आल्यावर दोनच महिन्यांत, १ ऑक्टोबरला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकालही बोलिव्हियाच्या विरोधात गेला. त्या दिवशी वर्गात बाई फळ्यावर क्रियापदं लिहीत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मी सहज म्हणालो, माझ्या घरापासून समुद्र सायकलवर. त्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "सांग. सगळं सांग." भूतकाळाचा तास असा मासळी आणि सुरूच्या झाडांवर संपला. सुरूला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही.

सकाळी चार तास शिकवणी, एका वर्गात तिघे-चौघे. दर तासाला शिक्षक बदलायचा, म्हणजे एकाच्याच उच्चाराची सवय लागू नये. दुपारनंतर ज्या घरी राहायला ठेवलंय तिथे बोलायचं, न बोलून सांगता कुणाला. आमची घरमालकीण, दोन्या म्हणजे बाईसाहेब, विधवा, साठीच्या पुढची. मी आईने दिलेली सुकेळी तिला दिली तेव्हा तिने आतून काळंठिक्कर, दगडासारखं काहीतरी आणून दाखवलं: चुन्यो. रात्रीच्या हिवात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा. वर्षानुवर्षं टिकतो म्हणे. तिने सुकेळं चावलं, मी चुन्यो चावला. दोघांनीही चेहरा सरळ ठेवला.

बटाटा हा शब्द आम्हांला पोर्तुगीजांनी दिला, पण ती वस्तू याच डोंगरांतली. मेज, साबण हेही तिकडून आलेले, म्हणून इथे ‘मेसा’ आणि ‘हाबोन’ ऐकताना ओळखीचं वाटायचं. या ओळखीनेच घात केला असावा. पाया पक्का आहे असं वाटलं की माणूस अभ्यास करत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे इथे मी ‘हिंदू’ होतो. भारतातून आलेला तो ‘इंदू’, मग तो कुठल्याही धर्माचा असो. ‘इंदिओ’ म्हणायची सोय नाही, कारण तो शब्द इथल्या मूळ रहिवाशांना हिणवायला वापरला गेलाय. त्यामुळे ब्रदर म्हणून ओळख करून दिली की पुढचा चेहरा ठरलेला: इंदू, आणि कॅथलिक?

तर नोव्हेंबर. १ तारखेला दुपारी बाराला मेलेल्यांचे आत्मे घरी येतात आणि २ तारखेला बाराला परत जातात, अशी इथली समजूत. ज्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी गेलं असेल तिथे त्याच्यासाठी मेज मांडतात. फोटो, मेणबत्त्या, त्याचं आवडीचं जेवण, ऊस, चिचा नावाची मक्याची दारू, आणि पावाची बाळं. तांतावावा. केचुआ भाषेत तांता म्हणजे पाव, वावा म्हणजे तान्हं. कणकेचं गुंडाळलेलं बाळ, वर रंगवलेलं इवलंसं तोंड. शेजारी पावाचीच शिडी, आत्म्याला वर चढायला. आमच्याकडेही २ नोव्हेंबरला कबरी साफ करून झेंडू आणि मेणबत्त्या लावतात. त्या शिडीपुढे मात्र मी बराच वेळ उभा राहिलो. वाडीतली माणसं पितरांना पान ठेवतात ते आठवलं, आणि आपण त्याला काय काय नावं ठेवायचो तेही.

पुनाताच्या बाजूच्या एका खेड्यात तिथल्या फादरांना दोन चॅपेलं एकाच वेळी सांभाळायची होती. त्यांनी माझ्या हातात पवित्र पाण्याची बादली दिली. "फक्त कबरींवर शिंपडत फीर. कुणी म्हटलं तर एक पाद्रे नुएस्त्रो, एक आवे मारिया. बास." म्हणजे एक ‘हे आमच्या बापा’, एक ‘नमो मरिये’.

दफनभूमी म्हणजे जत्रा. धूळ, बँड, ऊस चोखणारी पोरं, घेरदार पोयेरा घागरे आणि गवती टोप्या घातलेल्या बाया कबरीभोवती फतकल मारून. आणि सगळीकडे प्रार्थना म्हणणारे. हा इथला त्या दिवसाचा धंदाच. तुम्ही मृताचं नाव विचारता, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणता, घरचे तुमच्या पिशवीत पाव टाकतात. पाच-सहा पोरांची एक टोळी पिठाची रिकामी पोती घेऊन हिंडत होती. त्यातला दहाएक वर्षांचा म्होरक्या पाद्रे नुएस्त्रो असा एका दमात म्हणायचा की मधली विनवणी कुठे सुरू झाली, कुठे संपली कळू नये. बाकीचे ‘आमेन’ला गाठायचे. मग सगळे एका सुरात: "के से रेसिबा!" पोचती होवो. आणि लगेच पोतं पुढे.

तो माझ्याकडे बघत होता. बादली आहे, पिशवी नाही, हा कोण खुळा? शेवटी आला. "एर्मानो, म्हणजे ब्रदर, तुझं पोतं कुठंय?" मी म्हटलं, मला पाव नको. त्याने मान हलवली. पाव घेतला नाहीस तर प्रार्थना पोचत नाही, आणि घरच्यांचा अपमान. आपल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्याने माझ्या मनगटाला अडकवली. तीन महिन्यांत व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकाने मला इतकं कामाचं काही शिकवलं नव्हतं.

पहिल्या दोन कबरी निभावल्या. तिसऱ्यापाशी मोठं कुटुंब होतं. म्हातारी, दोन मुली, जावई, नातवंडं. म्हातारा मार्चमध्ये गेलेला. थोरली म्हणाली, "पाद्रेसितो, दोन शब्द बोलाल?" दोन शब्द! मी वाक्य जुळवलं. या कुटुंबाच्या बाबांसाठी प्रार्थना करू या. सोपं आहे. घसा साफ केला, आवाज फादरांसारखा काढला आणि म्हणालो:

"ओरेमोस पोर ला पापा दे एस्ता फामिलिया."

जोर पहिल्या ‘पा’वर. वर ‘आ’ने संपतो म्हणून स्त्रीलिंगी ‘ला’ही लावून दिला. म्हणजे शंकेला जागाच नको. या कुटुंबाच्या बटाट्यासाठी प्रार्थना करू या.

जावई उसाकडे बघायला लागला. धाकटीने शाल तोंडावर घेतली, तिचे खांदे हलत होते. मागे ती टोळी होतीच, म्होरक्याने "ला पापा!" असं नुसतं कुजबुजून बघितलं आणि सगळी पोरं पोत्यांवर कोसळली. मला वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची आठवण झाली. आमच्या लहानपणचा हिरो. जपानी भाषा इतकी पक्की की स्पॅनिश फ्रान्सिस्कनांचे दुभाषे म्हणून ते थेट जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशीच्या दरबारात उभे राहिले. आणि त्यांच्याच गावाकडचा मी.

म्हातारीला स्पॅनिश येत नव्हतं. तिने केचुआत विचारलं, काय झालं? थोरलीने सांगितलं. म्हातारी हसली नाही. जरा विचार करून काहीतरी लांबलचक बोलली. थोरलीने माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: "आई म्हणते, बरोबर आहे. पाऊस लांबलाय. बाबाने ती बटाट्याची पट्टी आयुष्यभर केली, यंदा पहिल्यांदाच तो नसताना लावली. दोन्हींसाठी म्हणा."

मग मी दोन्हींसाठी म्हटलं. पोर ला पापा, इ पोर एल पापा. यावेळी दुसरा ‘पा’ इतका दाबला की बँडवाल्यांनीही ऐकला असेल. पाद्रे नुएस्त्रो म्हणताना रोजची भाकर मागायच्या ओळीला पोहोचलो आणि माझ्या मनगटावरच्या पिशवीत खरोखरच पाव पडला. मी तिथे अडखळलो. पुढची ओळ मराठीतच आली, त्याच्या पुढचीही. कुणी काही म्हटलं नाही. "के से रेसिबा," म्हातारी म्हणाली, आणि चिचाने भरलेली तुतुमा, म्हणजे एका झाडाच्या भोपळ्यासारख्या फळाची वाटी, माझ्यापुढे धरली. तिने आधी थोडी मातीवर ओतली होती. मीही ओतली. सेमिनरीत याबद्दल कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं याचा विचार मी वाटी रिकामी झाल्यावर केला.

बाराला सगळं आवरलं. ऊस उपटला, शिड्या मोडून वाटल्या. फाटकापाशी म्होरक्या पाव मोजत बसला होता. माझी पिशवी त्याने न विचारता उलटी केली. अकरा, सगळे साधे गोल. आपल्या पोत्यात हात घालून त्याने एक बाळ काढलं, नाक उडालेलं, आणि माझ्या पावांवर ठेवून दिलं.

संध्याकाळी दोन्याने कॉफी केली. मी पिशवी मेजावर रिकामी केली, बटाट्याची गोष्टही सांगितली. ती डोळे पुसेस्तोवर हसली. मग तिने पाव मोजले.

"बारा," म्हणाली. "पहिल्या वर्षाला ठीक आहे."