श्रद्धा परत आली का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मी पुन्हा ख्रिस्ती पुस्तकं वाचते आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे श्रद्धा परत आली का?’ चर्चमधली माणसं आनंदानं विचारतात, चर्च सोडलेले मित्र काळजीनं. दोघांनाही ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं. मला सांगायचंय ते निराळं आहे, आणि ते पुरतं ऐकायला कुणी थांबत नाही.

भाऊ गेल्यावर वाचन सुटलं, हे तुम्हाला माहीत आहे. देवावरच्या रागानं सुटलं, असं तुम्ही धरून चालता. राग होताच. पण सुटलं ते एका पानामुळे. दफनविधीला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी एक पुस्तक हातात ठेवलं, नेमक्या पानात खूण घालून. मी ते उभ्याउभ्याच वाचलं. दुःख ही परीक्षा असते, तिच्यातून विश्वास तावून निघतो, अशा अर्थाचं काहीतरी. म्हणजे माझा विश्वास तावावा म्हणून तो गेला? रात्र-रात्र त्याला कूस बदलता येत नव्हती, ती मला धडा मिळावा म्हणून? हे मी बोलले नाही. त्यांचे डोळे रडून सुजले होते. त्याच्यावर जीव त्यांचाही होता. ‘वाचलंस?’ त्यांनी विचारलं. ‘वाचलं,’ मी म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला हवा होता, ते पान नको होतं. पुढे कितीतरी वर्षं कुठलंही ख्रिस्ती पुस्तक उघडलं, की तेच पान समोर यायचं आणि दुसऱ्या परिच्छेदातच माझं भांडण सुरू व्हायचं.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक होतं की, असं म्हणाल. दोष नसताना दुःखात बुडालेला माणूस तो. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले आणि तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवरच. हे मला पाठ होतं. तेव्हा उपयोग झाला नाही.

परत आणलं ते ख्रिस्ती श्रद्धेवर लिहिणाऱ्या सी. एस. लुईस या इंग्रजी लेखकानं. त्यांचं १९४० सालचं ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ मी तरुणपणी पेन्सिल घेऊन वाचलं होतं, समासात ‘अगदी खरं’ लिहीत. १९६० मध्ये त्यांची पत्नी गेली आणि पुढच्या वर्षी ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ आलं, एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावानं. वेदनेचा अर्थ एवढा नीट समजावून सांगणारा माणूस इथे लिहितो, की सगळ्यात गरज असताना देवाकडे गेलो तर दार तोंडावर आपटलं आणि आतून कड्या सरकल्या. ते वाचताना मला भांडावंसं वाटलं नाही. पुढचं पान उलटण्याची ओढ लागली, कितीतरी वर्षांनी.

मग ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’ काढले. चौथ्या शतकाच्या अखेरीस हा बिशप लिहायला बसतो आणि सोळाव्या वर्षी चोरलेल्या पेअरच्या फळांवर पानंच्या पानं खर्च करतो: भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळं होती, मग चोरली का? सगळं पुस्तक देवाशी बोलणं आहे, आपण शेजारी बसून ऐकायचं. कुणी मला शिकवत नव्हतं. बन्यन यांच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेतला यात्रेकरू संशयाच्या किल्ल्यात कोंडून पडतो, आणि किल्ली सगळा वेळ त्याच्याच छातीशी असते. तिथे मी मोठ्यानं हसले. असं निखळ मजेनं वाचायचं मी विसरून गेले होते.

माझ्यातल्या त्या पेन्सिलवालीला हे पटणार नाही. ती अभ्यासगटात मांडायला वाचायची, जगायला वाचायची. ती म्हणेल, आज्ञापालनाशिवाय वाचणं म्हणजे नुसती आवड. आणि जर्मन पाद्री बोन्हाफर तिच्या बाजूनं उभे राहतील. १९३७ सालच्या पुस्तकात त्यांनी स्वस्त कृपेवर, म्हणजे आज्ञापालन न मागणाऱ्या कृपेवर, लिहिलं. एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिलं. त्यांच्यासमोर ‘मला वाचताना आनंद होतो’ हे उत्तर फार तोकडं पडतं, हे मला दिसतं. तरीही तो आनंद खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. रविवारी मी अजून घरीच असते. रात्री मात्र प्रार्थना करावी तसं काहीतरी तोंडून येतं, आणि त्याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही.

बोन्हाफर अर्धे वाचून झालेत. पुढच्या भेटीत श्रद्धेचं विचारू नका. वाचन कुठवर आलं ते विचारा, मग आपण बोलू.